मे महिन्यात जोडीने: पंचगंगेकाठी की मलप्रभेकाठी?

बेळगावहून मे महिन्याच्या सुट्टीत दोघांनीच गाडी काढायची, तीन दिवसांत देवदर्शनही करायचे आणि जुन्या वास्तूही पाहायच्या, असे ठरले की बहुतेक घरांतील बोलणे अखेर दोनच वाटांवर येऊन थांबते. एक वाट निपाणीवरून कोल्हापूर, जोतिबा आणि पन्हाळा अशी जाते व परतताना नरसोबाची वाडी आणि खिद्रापूर करून येते. दुसरी पूर्वेला मलप्रभेच्या बाजूने सौंदत्तीवरून बदामी, बनशंकरी, पट्टदकल आणि ऐहोळेकडे जाते. लागोपाठच्या दोन उन्हाळ्यांत आम्ही उभयतांनी या दोन्ही वाटा केल्या. ज्यांच्या हाती एकच दिवस आहे त्यांनी या दोन्हींचा नाद सोडून खानापूर तालुक्यातील हलशीचे भूवराह नरसिंहाचे देऊळ पाहून यावे, हे उत्तम.

अंतराचा मुद्दा मला फारसा निर्णायक वाटला नाही. कोल्हापूर साधारण एकशे दहा किलोमीटर, तर बदामी दीडशेच्या आसपास. महामार्गावर आम्ही गेलो तेव्हा रुंदीकरणाची कामे चालू होती, त्यामुळे जवळच्या वाटेने वाचलेला वेळ वळणरस्त्यांत गेला. पूर्वेकडचा रस्ता अरुंद आहे, पण उन्हाळ्यात उसाच्या ट्रॉल्या नसल्याने तो मोकळा मिळतो.

पंचगंगेच्या बाजूचे गुण मान्य केलेच पाहिजेत. पन्हाळ्यावर मे महिन्यातही संध्याकाळी वारा सुटतो, आणि १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यात महाराज ज्या गडावर अडकून पडले होते त्या गडाच्या तटावर बसून सूर्यास्त पाहणे, हा अनुभव बदामीत मिळत नाही. खिद्रापूरच्या कोपेश्वराविषयी तर मी थोडा पक्षपाती आहे. तेथील स्वर्गमंडपाच्या छताला मध्यभागी गोल झरोका ठेवला असून त्याच्या बरोबर खाली वर्तुळाकार शिळा आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य या भागात जवळजवळ माथ्यावर येतो, त्यामुळे भर दुपारी उजेडाचा गोल त्या शिळेवर सरळ उतरलेला दिसतो. इतर ठिकाणी जी दुपार टाळावी तीच येथे गाठावी. या महादेवापुढे नंदी नाही. तो आपल्या चिक्कोडी तालुक्यातील येडूरला आहे, असे मानतात. देव महाराष्ट्रात आणि नंदी कर्नाटकात, ही गोष्ट सीमाभागातील माणसाला अधिक काही न सांगताही कळते.

एवढे असूनही माझे मत फिरले ते एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीने. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली होती आणि देवासमोर जोडीने नमस्कार करावा, एवढाच प्रवासाचा मूळ हेतू होता. त्या वाटेवरील एका गर्दीच्या देवस्थानात (नाव घेण्याचे कारण नाही, कारण सुट्टीच्या दिवसांत हे कोठेही घडेल) पुरुषांची आणि स्त्रियांची रांग वेगळी होती. मोबाईल ठेवण्यासाठी आणखी एक रांग नको म्हणून आम्ही दोन्ही फोन गाडीतच ठेवण्याचा शहाणपणा केला होता. माझी रांग लवकर सरकली आणि मी दर्शन घेऊन एका दरवाजाने बाहेर पडलो, पत्नी बऱ्याच वेळाने दुसऱ्याच दरवाजाने, आणि चपला राहिल्या तिसरीकडे. दुपारी एकच्या सुमारास तापलेल्या फरशीवर अनवाणी, हातात प्रसादाचा पुडा घेऊन एकमेकांना शोधण्यात आमचा पाऊण तास तरी गेला असावा. घड्याळ पाहण्याच्या मनःस्थितीत कोणीच नव्हते. दर्शन दोघांचेही झाले, पण जोडीचा नमस्कार झालाच नाही.

पुढच्या वर्षी मलप्रभेकडे गेलो तेव्हा ही सल मनात होती. सौंदत्तीलाही गर्दी असते, म्हणून मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळून आम्ही बुधवारी यल्लम्माच्या डोंगरावर गेलो आणि निवांत ओटी भरता आली. पट्टदकलचे विरूपाक्ष मंदिर चालुक्य राणी लोकमहादेवीने, पती दुसरा विक्रमादित्य याने कांचीच्या पल्लवांवर मिळवलेल्या विजयाप्रीत्यर्थ आठव्या शतकात बांधवले. १९८७ पासून हा मंदिरसमूह जागतिक वारसा यादीत असला तरी या एका देवळात आजही पूजा चालते. सकाळी आम्ही आत गेलो तेव्हा पुजाऱ्यांखेरीज तेथे कोणी नव्हते. दोघांनी शेजारी उभे राहून नमस्कार केला, मग सभामंडपाच्या गार दगडावर खांबांवरील रामायण-महाभारतातील प्रसंग ओळखत हवा तितका वेळ बसलो, आणि कोणी ‘पुढे चला’ म्हटले नाही.

ऐहोळेत मेगुती टेकडीवरील जैन मंदिराच्या भिंतीवर रविकीर्तीचा इसवी सन ६३४ चा शिलालेख आहे. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा अधिपती झाल्याचे त्यात कोरले आहे. मराठी माणसाने त्यासाठी तेवढ्या पायऱ्या चढाव्यात.

ऊन मात्र कडक आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. बदामीच्या लेण्यांच्या पायऱ्या दहानंतर चढवत नाहीत, आणि हातातील पाण्याची बाटली तेथील माकडे आपलीच समजतात. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी कदाचित पन्हाळाच निवडावा. आम्ही पहाटे साडेचारला बेळगाव सोडले, पहिल्या सकाळी फक्त सौंदत्ती केली आणि ऊन चढायच्या आत बदामीत खोली गाठली. नंतरचे दोन्ही दिवस अकरा ते चार खोलीबाहेर पडलोच नाही. लेण्यांच्या आत गारवा असतो, त्यामुळे चालुक्य मंगलेशाचा ५७८ सालचा लेख असलेले तिसरे लेणे सावकाश पाहता आले. बनशंकरीच्या देवळाबाहेर बायका बुट्टीतून ज्वारीची भाकरी, भाजी, शेंगाचटणी आणि दही आणतात. त्या जेवणापुढे हॉटेलाची आठवण होत नाही. या बायकांशी आणि वाटेतील साऱ्यांशी पत्नीच कन्नडमध्ये बोलली. माझे कन्नड भाव विचारण्यापुरतेच आहे, पण तेवढ्यावरही अडत नाही.

कोल्हापूरची अंबाबाई किंवा वाडीचे दत्त महाराज हे ज्यांच्या घरचे दैवत आहे, त्यांना मी बदामीकडे जा म्हणणार नाही. त्यांनी शाळा सुरू झाल्यावर आठवड्यातील मधला दिवस पाहून निघावे, आम्हीही आता तसेच जातो. मे महिन्याचे तीन दिवसच हाती असतील, तर मी गाडी सौंदत्तीच्या रस्त्याला वळवेन आणि परतताना अमीनगडचा करदंट, म्हणजे तिथली सुक्यामेव्याची मिठाई, घेऊन येईन.