साठ मायक्रॉनचं प्लवक-जाळं: कडं झकास, शंकू तोकडा

कोल्हापूरच्या शाहूपुरीत प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या एका दुकानात 'सागरी प्लवक संच' मिळतो. प्लवक म्हणजे पाण्यात तरंगत वाहणारे बारीक जीव. किंमत २,८०० रुपये. आत ३० सेंटिमीटर तोंडाचं, साठ मायक्रॉन (०.०६ मिलिमीटर) भोकांचं नायलॉनचं शंकूसारखं जाळं, त्याच्या टोकाला तोटीची बाटली, दहा मीटर दोरी, नमुना टिकवायला शंभर मिलिलिटर फॉर्मॅलिन, मोजणीची स्लाइड आणि चार पानांची पुस्तिका. ज्युनियर कॉलेजच्या प्रयोगशाळेला किंवा कोकणात सहल नेणाऱ्या शिक्षकांना जाळ्यासाठी हा संच घ्यावासा वाटेल, आणि घ्यावाही. मात्र काही दुरुस्त्या केल्याशिवाय तो पाण्यात घालू नये.

जाळ्याच्या तोंडाचं कडं उद्यमनगरात वळवलंय. सहा मिलिमीटरची स्टेनलेस सळई, सांधा घासून गुळगुळीत केलेला, दोरीचे तीन हूक बरोबर सारख्या अंतरावर. ओढताना जाळं तिरकं होत नाही. या कामाला पूर्ण गुण.

खोट शंकूच्या लांबीत आहे. तोंड ३० आणि लांबी फक्त ६० सेंटिमीटर. साठ मायक्रॉनच्या कापडात पाणी जायला मोकळी जागा साधारण ४० टक्केच असते. म्हणजे पाणी आत यायला तोंडाचे ७०० चौरस सेंटिमीटर आणि बाहेर पडायला त्याच्या दीडपटीहून थोडीच जास्त जागा. स्वच्छ पाण्यात हे चालून जातं. बंदरातल्या हिरवट पाण्यात मात्र भोकं काही मिनिटांत बुजतात, मग तोंडापाशी पाण्याचा फुगवटा येतो आणि प्लवक आत शिरण्याऐवजी कडेनं निसटतात. जाळं ओढल्यासारखं दिसतं, गाळत काहीच नाही. लांबी १०० सेंटिमीटर केली की हेच प्रमाण पावणेतीनपटीच्या आसपास जातं. कापड जास्त लागेल, पण दुकानदाराकडून लांब शंकूच शिवून मागा.

शिवणही तपासा. जाड सुईनं पाडलेली भोकं कापडाच्या भोकांपेक्षा कितीतरी मोठी असतात. जाळं उजेडासमोर धरलं की शिवणीवर टाचणीएवढे ठिपके चमकतात. मत्स्यटाकीला वापरतात त्या सिलिकॉनचा पातळ हात आतून फिरवून चोवीस तास वाळू द्या.

बोट नसेल तर धक्क्यावरून बादलीनं काम भागतं, आणि मोजणीला तेच बरं, कारण किती पाणी गाळलं हे नक्की कळतं. दहा लिटरच्या वीस बादल्या हळूहळू ओता. मग जाळं बाहेरून पाणी मारून धुवा, म्हणजे कापडाला चिकटलेलं बाटलीत उतरेल. नमुना १०० मिलिलिटर करा. स्लाइडवरच्या एक मिलिलिटरमध्ये नॉक्टिल्युका या एकपेशी प्लवकाच्या ४० पेशी दिसल्या, तर ४० गुणिले १००, भागिले २००: लिटरमागे २०. कोपेपॉड (कोळंबीच्या गोतातले बारीक प्राणी) चपळ, बादलीनं पाणी हललं की पळतात, त्यामुळे त्यांचा आकडा नेहमी कमीच भरेल.

फॉर्मॅलिनची बाटली तशीच वापरू नका. ठेवून ठेवून त्यात फॉर्मिक आम्ल तयार होतं आणि फोरॅमिनिफेरा (एकपेशी जीव), टेरोपॉड (तरंगत्या गोगलगायी) यांची चुन्याची कवचं विरघळतात. महिन्याभरानं बाटली उघडावी तर कवचाच्या जागी नुसता लिबलिबीत गोळा. गुजरीत सोनारकामाच्या सामानात टाकणखार (बोरॅक्स) मिळतो, तो हे आम्ल मारतो. लिटरभर फॉर्मॅलिनला २० ते ३० ग्रॅम घालून मुरू द्या. नंतर नऊ भाग नमुन्याला एक भाग फॉर्मॅलिन. हातमोजे घाला आणि खिडक्या उघड्या ठेवा, हे द्रव्य कर्करोगकारक आहे. विद्यार्थ्यांच्या हाती ते देऊच नये.

सगळ्यात कच्चं काम पुस्तिकेचं. 'प्लवक कार्बन शोषून समुद्रतळाशी कायमचा साठवतात' हे वाक्य मुलांच्या डोक्यात चुकीचं चित्र पक्कं करतं. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास निम्मं समुद्रातले प्लवक करतात हे खरं, पण धरलेला बहुतेक कार्बन वरच्या थरातच खाल्ला जातो आणि श्वसनातून परत पाण्यात येतो. धरलेल्या एकूण कार्बनपैकी तळाशी पोचतो तो साधारण एक टक्का. डायटम या काचेच्या कवचाच्या शेवाळाची एकटी पेशी दिवसाला जेमतेम मीटरभर बुडते. कोपेपॉडनं ती खाल्ली की तिची लेंडी त्याच दिवसात कित्येक पटींनी खोल जाते. ही लेंडी याच संचात दिसते: बाटलीच्या तळाशी, गडद, दंडगोल, मिलिमीटरच्याही अंशाएवढी. काचेसारख्या कोपेपॉडच्या पोटात हिरवट-तपकिरी पट्टा दिसला तर समजा, पुढची लेंडी तयार होतेय. समुद्राचा कार्बन खाली नेणारी गाडी मुलांना इतक्या जवळून दुसरीकडे बघायला मिळणार नाही, आणि पुस्तिकेत तिचा उल्लेखच नाही.

जे जाळ्यातून निसटतं त्याबद्दलही अवाक्षर नाही. प्रोक्लोरोकॉकस हा प्रकाशसंश्लेषण करणारा जिवाणू ०.६ मायक्रॉनचा, म्हणजे भोकाच्या शंभराव्या हिश्शाएवढा. समुद्राच्या एका मिलिलिटरमध्ये दहा लाखांच्या आसपास जिवाणू असतात. १९८३ साली समुद्रशास्त्रज्ञ फारूक आझम आणि सहकाऱ्यांनी मांडलं की प्लवकांतून पाझरलेलं सेंद्रिय द्रव्य हे जिवाणू खातात, त्यांना चाबकासारख्या शेपटीनं पोहणारे सूक्ष्म जीव खातात आणि त्यातून नत्र-स्फुरद पुन्हा प्लवकांना मिळतं. संचात २० मायक्रॉनचं दुसरं जाळं घातलं तरी हे जीव सापडणार नाहीत. किमान एवढं पुस्तिकेत छापायला हवं.

उसाला नत्र-स्फुरदाचा हिशोब लावणाऱ्या कोल्हापूरकरांना रेडफिल्डचं गुणोत्तर सांगायला सोपं आहे: प्लवकाच्या अंगात कार्बनच्या १०६ अणूंना नत्राचे १६ आणि स्फुरदाचा १. फेब्रुवारी ते मेमध्ये कोकणासमोर लाकडाच्या भुशासारखा तरंगणारा ट्रायकोडेस्मियम हा जिवाणू हवेतून पाण्यात विरघळलेला नत्र बांधतो, त्याचे झुपके या साठच्या जाळ्यात छान येतात. आणि त्याच अरबी समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटरदरम्यानच्या, प्राणवायू जवळजवळ संपलेल्या पाण्यात जिवाणू नायट्रेट मोडून नत्र वायुरूपात परत सोडतात. एकीकडून खत पडतं, दुसरीकडून उडून जातं.

वापरानंतर जाळं गोड्या पाण्यात धुवा, ब्रश लावू नका, सावलीत वाळवा. उन्हात नायलॉन ठिसूळ होतं. रंकाळा तळ्यात वापरलेलं जाळं तसंच रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराला नेऊ नका. शिवणीत अडकलेलं तळ्यातलं शेवाळ समुद्राच्या नमुन्यात येतं आणि मोजणी फसते.