पहिली डझनभर फ्लाय: क्लाउझर मिनो की वुली बगर?

फ्लाय म्हणजे गळावर धाग्याने केस-पिसं बांधून केलेलं माशाचं खोटं भक्ष्य. या दोन्ही अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या, दोन्हींचा जन्म स्मॉलमाउथ बास या माशासाठी. रसेल ब्लेसिंग यांची वुली बगर १९६७ ची, तर बॉब क्लाउझर यांची मिनो वीसेक वर्षांनी सस्क्वेहाना नदीवर आलेली. व्हाइस (गळ धरणारा शिकंजा) आणि बॉबिन (धाग्याची रीळ धरणारं साधन) घरात आहे, पण सामान सध्या एकाच फ्लायचं घ्यायचंय, अशांसाठी हे लिहितोय.

कागदावर क्लाउझर सोपी वाटते. धागा सोडला तर डंबेलसारखे धातूचे डोळे, दोन रंगांचे केस आणि थोडी चमकी, संपलं. डोळे गळाच्या दांड्यावर, अणकुचीदार टोकाच्या विरुद्ध बाजूला बसतात. पाण्यात वजन खाली जातं, गळ उलटा होतो, टोक वर राहतं आणि फ्लाय दगडात कमी अडकते. दोरी ओढली की वर, सोडली की डोक्यावर खाली, ही तिची चालही बगरला नाही. हे तिचं श्रेय नि:संशय.

माझं घोडं अडतं ते डोळ्यांपाशी. गळाच्या नेढ्यापासून (जिथे दोरी बांधतात) दांड्याच्या साधारण एक तृतीयांशावर धाग्याचे दोन थर द्यायचे, डोळे आडवे ठेवायचे आणि फुलीचे १५ ते २० वेढे घट्ट ओढून मारायचे. मग धागा डोळ्यांच्या खालून पण दांड्याच्या वरून, म्हणजे दोन्हींच्या मधून, गोल फिरवत ८-१० वेढे. फुल्या आवळल्या जातात त्या यानेच, आणि नवशिका नेमकं हेच विसरतो. शेवटी पातळ सुपरग्लूचा एक थेंब. वाळल्यावर डोळे चिमटीत धरून पिळून बघा. जरा जरी हलले तर ब्लेडने कापून पुन्हा. उघड्या गुळगुळीत दांड्यावर नुसता गोंद टिकत नाही, आणि धागा तुटेल या भीतीने ढिला ओढला तर फुल्या कितीही मारा.

एवढं करूनही खडकावर पाच-सहा ठोके बसले की माझ्या बऱ्याच क्लाउझर तिरक्या होतात. डोळे कलले की फ्लाय कुशीवर पोहते, टोक वर राहत नाही, आणि जिच्यासाठी ही खटपट केली ती सोयच जाते. काठावरून हे दिसतही नाही. हात सराईत असेल तर हे प्रमाण कमी असेल, मान्य.

केसांचीही अडचण आहेच. मूळ फ्लायला अमेरिकन हरणाच्या शेपटीचे केस लागतात. आपल्याकडे चितळ-सांबराच्या केसांचा विचारही नको, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. शेळीचे लांब केस किंवा क्राफ्ट फर (कृत्रिम केस) चालतं. काडेपेटीच्या काडीएवढीच जुडी घ्या. जास्त घातले तर फ्लायचा ब्रश होतो.

बगरमध्ये चुका होतात, पण त्या माफ होतात. ८ नंबरचा लांब दांड्याचा गळ घ्या. मराबूचं (मऊ, फुलारलेलं) एक पीस ओल्या बोटांनी गोळा करून दांड्याएवढी शेपटी ठेवा. उरलेला भाग कापू नका, तो दांड्यावर पुढपर्यंत बांधा, म्हणजे शेपटीपाशी गाठोडं येत नाही. मागे १० सेंटिमीटर बारीक तांब्याची तार बांधा. शेनीलच्या (मखमली लवेच्या दोऱ्याच्या) टोकाची लव ४-५ मिलिमीटर ओरबाडून आतला दोरा बांधा, आणि शेनील पुढे गुंडाळत आणा.

आता पीस. गावठी कोंबड्याच्या पाठीवरचं पीस साबणाने धुऊन वाळवलेलं चालतं. तंतू गळाच्या फटीच्या (टोक आणि दांडा यांतल्या अंतराच्या) दीडपट असावेत, फार लांब नकोत. ते पुढे, बुडाकडून बांधा, तिथेच दोन वेढे द्या आणि पाच-सहा वेढ्यांत मागे न्या. टोक तारेने पकडून तार त्याच दिशेने फिरवत पुढे आणा. ती प्रत्येक वेढ्याला पिसाच्या कण्यावरून आडवी जाते. तार हलकेच डावी-उजवी हलवत आणली तर तंतू दबत नाहीत. तार न घालता पीस मागून पुढे गुंडाळलं, की माशाच्या दातांनी कणा एकदा तुटला तरी सगळं पीस सुटतं. बगरचं खरं दुखणं एवढंच, आणि त्यावर उपाय आहे. डोळ्यांवर माझ्याकडे तरी पक्का उपाय नाही.

फेकताना फरक जाणवतो. बगर ५ वजनाच्या काठीवर आरामात जाते (हा काठीच्या ताकदीचा क्रमांक, आकडा मोठा तर काठी दणकट). जड डोळ्यांची क्लाउझर ७-८ वजनाची काठी मागते, आणि मागचा फेक घाईत झाला तर काठीच्या टोकावर आपटते. कार्बनच्या काठीला तो ठोका महागात पडू शकतो.

खोल, वेगाचं पाणी, तळाशी खडक आणि हातात जड काठी असेल तर मात्र क्लाउझरच घ्या, तिथे माझी बगर तळाला पोचायच्या आत वाहून जाते. बाकी ठिकाणी पहिली डझन बगरची बांधा. फक्त शेनील संपवताना नेढ्यामागे ३ मिलिमीटर दांडा मोकळा ठेवा, नाहीतर शेवटच्या गाठीला जागाच उरत नाही आणि धागा नेढ्यात घुसतो.