साधा की इन्व्हर्टर, खिडकीचा की स्प्लिट: एसी निवडताना आपण काय बघतो आणि काय बघायचं राहून जातं

एसी घ्यायचं बहुतेक घरांत ठरतं ते सलग तिसऱ्या रात्री झोपेचं खोबरं झालं की. दुसऱ्या दिवशी माणूस दुकानात उभा राहतो तेव्हा डोक्यात दोनच प्रश्न असतात: केवढ्याला, आणि बसवून कधी देणार? मग जे मॉडेल शिल्लक असेल ते घेतलं जातं, 'असू दे थोडा मोठाच' म्हणून टनेज (थंड करण्याची ताकद) वाढवलं जातं, आणि त्या एका घामट संध्याकाळची किंमत पुढची दहा वर्षं वीजबिलातून चुकती होत राहते.

ही खोड फक्त एसीपुरती नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कॅटलॉगवरून मागवलेल्या थंडीच्या कपड्यांच्या ऑर्डरी तपासल्या होत्या. ऑर्डर देताना थंडी जितकी जास्त, तितकी ती वस्तू नंतर परत येण्याची शक्यता जास्त. आज अंगाला जे जाणवतंय तेच पुढेही जाणवत राहणार, असं आपण धरून चालतो. कोट निदान परत करता येतो. भिंतीला भोक पाडून टांगलेला एसी कोण परत घेणार?

म्हणून कुठल्याही दोन एसींची तुलना करण्याआधी एक आकडा कागदावर लिहा. वर्षात तो एसी एकूण किती तास चालणार? ब्रँड, रिमोट, वायफाय सगळं नंतर.

साधा की इन्व्हर्टर

आधी एक गैरसमज बाजूला काढू. इन्व्हर्टर एसी म्हणजे वीज गेल्यावर चालणारा एसी नव्हे. नावामुळे हा घोळ इतका पसरलाय की विकणाऱ्याने पहिल्यांदा तेच सांगायला हवं. साध्या एसीचा कॉम्प्रेसर, म्हणजे आतला गॅस दाबून फिरवणारा पंप, एकाच वेगाने फिरतो: खोली गार झाली की बंद, तापली की पुन्हा पूर्ण जोराने सुरू. इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा वेगच कमी-जास्त होतो. खोली गार झाल्यावर तो हळू फिरत राहतो, आणि हळू फिरताना तितक्याच विजेत जास्त उष्णता बाहेर टाकतो. सगळी बचत इथेच आहे. 'नवीन प्रकार आहे, जरा टिकतो का बघू' असं म्हणणारे अजून भेटतात. तोशिबाने घरगुती इन्व्हर्टर एसी आणला तो १९८१ साली.

आता हिशेब. टन म्हणजे ३.५ किलोवॉट उष्णता काढण्याची क्षमता, म्हणजे दीड टनाचा एसी सुमारे ५.३ किलोवॉटचा. तो सरासरी ६० टक्के ताकदीने चालतो असं धरू. साध्या एसीची हंगामी कार्यक्षमता ३ धरू, म्हणजे १ युनिट विजेत ३ युनिट उष्णता बाहेर. चांगल्या इन्व्हर्टरची ५ धरू. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमच्या समोरच्या एसीचे खरे आकडे ऊर्जा लेबलवर असतात.

झोपायची खोली, रोज ८ तास, वर्षाला १२० रात्री: ९६० तास झाले. साधा एसी सुमारे १००० युनिट खाईल, इन्व्हर्टर ६००. फरक ४०० युनिटांचा.

पाहुण्यांची खोली, २ तास, वर्षातले ६० दिवस: १२० तास. साधा १२५ युनिट, इन्व्हर्टर ७५. फरक ५० युनिटांचा.

हा फरक तुमच्या वीजदराने गुणा आणि दोन यंत्रांच्या किमतीतल्या फरकाला त्या रकमेने भागा. उत्तर वर्षांत येईल. पहिल्या खोलीत इन्व्हर्टर बहुधा काही वर्षांत आपले जादा पैसे फेडून टाकतो. दुसऱ्या खोलीत तो फेडेपर्यंत यंत्र भंगारात गेलेलं असू शकतं. तिथे साधाच घ्यावा, आणि 'जुन्या पद्धतीचा घेतला' म्हणून कानकोंडं व्हायचं काही कारण नाही. शिवाय इन्व्हर्टरचा सर्किट बोर्ड गेला तर खर्च अंगावर येतो. वीज सारखी कमी-जास्त होत असेल तर बोर्डावर किती वर्षांची वॉरंटी आहे ते आधी विचारा. दुकानात कॉम्प्रेसरच्या वॉरंटीचा आकडा मोठ्या अक्षरांत लावलेला असतो, बोर्डाचा शोधावा लागतो.

इतका सोपा हिशेब असून लोक तो करत का नाहीत? १९७९ साली जेरी हाउसमन या अर्थशास्त्रज्ञाने खोलीच्या एसीच्या खरेदीवरच अभ्यास केला होता. आज जास्त पैसे घालून पुढे विजेत वाचवायचे, हा व्यवहार लोकांना वर्षाला साधारण २० टक्के परतावा मिळाल्यासारखा असेल तरच पटतो, असं त्याच्या गणितातून निघालं. उत्पन्न कमी, तसा हा आकडा आणखी वर. मला यात अडाणीपणा दिसत नाही. ज्याच्या हातात आज पैसे मोजकेच आहेत, त्याला सहा वर्षांनी वाचणाऱ्या पैशांचं कौतुक कोणत्या तोंडाने सांगायचं? पण परिणाम व्हायचा तो होतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१८ च्या अहवालात नोंदवलंय की जगात विकल्या जाणाऱ्या एसींची सरासरी कार्यक्षमता दुकानांत सहज मिळू शकणाऱ्या एसींच्या निम्म्याहूनही कमी आहे. भाड्याच्या घरात तर गणितच उलटं होतं. एसी घरमालक घेतो, बिल भाडेकरू भरतो, मग मालक महागडा एसी घेईल कशाला?

एका बाबतीत मात्र तासांचा हिशेब मागे ठेवावा. घरात म्हातारं माणूस, आजारी माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर 'वर्षात वीसच दिवस लागतो' हे एसी न घेण्याचं कारण होऊ शकत नाही. १९९५ च्या जुलैत शिकागोत उष्णतेची लाट आली आणि ७०० च्या आसपास जादा मृत्यू झाले. नंतरच्या अभ्यासात दिसलं की ज्यांच्या घरात चालू एसी होता त्यांचा धोका बराच कमी होता. एसीला चैन म्हणायची सवय आपल्या बोलण्यात मुरलेली आहे, आणि तो लावताना अपराधी वाटणारे बहुतेकदा घरातले ज्येष्ठच असतात. ज्यांना तो सगळ्यात जास्त लागतो तेच उठून बंद करतात.

खिडकीचा की स्प्लिट

इथे लोक दिसण्यावर जातात. स्प्लिट भिंतीवर शोभतो, खिडकीचा म्हणजे खोका. माझं मत जरा वेगळं आहे. खिडकीच्या एसीत सगळं एकाच पेटीत असतं, गॅसची नळी कारखान्यातच पक्की बंद होऊन येते. घरी येऊन कुणी जोड मारत नाही, त्यामुळे जोडातून गळती व्हायचा प्रश्नच येत नाही. घर बदलताना दोन माणसं तो उचलून नेतात. स्प्लिट हलवायचा म्हणजे गॅस आउटडोअर युनिटमध्ये ओढून घ्या, पाइप सोडा, नव्या जागी पुन्हा भोक, पुन्हा जोड. दर दोन-तीन वर्षांनी घर बदलणाऱ्याने हा खर्च पहिल्याच दिवशी मोजावा.

खिडकीच्या एसीचा तोटाही तितकाच खरा: कॉम्प्रेसर तुमच्या उशाशी असतो. ज्याला घड्याळाची टिकटिकही खपत नाही त्याने तो झोपायच्या खोलीत घेऊच नये. एक खिडकीही जाते, तिच्याबरोबर उजेड जातो. चांगल्या कार्यक्षमतेची मॉडेलं स्प्लिटमध्ये जास्त मिळतात, कारण पेटीच्या मापात कॉइल, म्हणजे उष्णता घेणारी-सोडणारी नळ्यांची जाळी, किती मोठी बसणार?

स्प्लिट घेताना सगळे इनडोअर युनिट कुठे लावायचं यावर वाद घालतात, आउटडोअर कुठे याचा विचार मिस्त्री दारात आल्यावर होतो. ते अरुंद कोनाड्यात कोंबलं तर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढून घेतं, आणि लेबलवरची कार्यक्षमता लेबलवरच राहते. शिवाय उद्या दुरुस्तीला माणूस तिथे पोचायला हवा. बाहेरच्या भिंतीला लोंबकळून काम करायला लावणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ.

चाकांवरचा पोर्टेबल एसी हा तिसरा पर्याय. भिंतीला हात लावायचीच परवानगी नसेल तरच. एका नळीचा असेल तर तो खोलीतली हवा बाहेर फेकतो, आणि तितकीच गरम हवा दाराखालून, फटीतून आत येते.

'मोठाच घेऊ'

एसीचा टन म्हणजे यंत्राचं वजन नव्हे. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तो मूळचा हिशेब आहे. बर्फाच्या धंद्यातून आलेला हा शब्द आज सगळ्यात जास्त फसवतो, कारण जास्त टन म्हणजे जास्त सुरक्षित असं वाटतं.

मोठा साधा एसी छोटी खोली पाच-सात मिनिटांत गार करतो आणि बंद पडतो. हवेतला दमटपणा कॉइलवर पाणी होऊन निथळायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ यंत्र चालतच नाही. परिणामी खोली गार पण चिकट. अशा खोलीत अंथरूण ओलसर लागतं, म्हणून माणूस तापमान आणखी खाली आणतो. गंमत म्हणजे विलिस कॅरिअरने १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी पहिली आधुनिक यंत्रणा आखली ती दमटपणासाठीच. हवेतल्या ओलाव्याने कागद फुगायचा आणि रंगीत छपाईत रंग सरकायचे. इन्व्हर्टर वेग कमी करू शकतो म्हणून थोडी चूक पोटात घालतो, पण त्याच्या कमीत कमी वेगालाही मर्यादा आहे.

नुसत्या क्षेत्रफळावरून टन ठरवू नका. खोलीवर थेट गच्ची आहे का, दुपारनंतरचं ऊन काचेवर येतं का, खोलीत किती माणसं बसतात? एक माणूस नुसता बसून राहिला तरी साधारण १०० वॉट उष्णता सोडतो. काचेवर बाहेरून सावली केली तर कित्येकदा एक पायरी लहान एसी पुरतो. सावली हा एसीचा भाग मानत नाहीत म्हणून ती कुठल्या दुकानात सुचवली जात नाही, एवढंच.

आणि ते १६ वर लावणं. साधा एसी २५ वर असो की १६ वर, गार हवा तेवढीच फेकतो. १६ वर लावला तर फक्त थांबायचं नाव घेत नाही. २५-२६ वर ठेवून पंखा हळू लावला तर अंगाला तेच सुख मिळतं.

ब्रँड, आणि त्याहून महत्त्वाचा माणूस

ब्रँडवर मी फार वेळ घालवणार नाही. ऑनलाइन अभिप्राय बहुतेक पहिल्या आठवड्यातले असतात, तेव्हा प्रत्येक एसी गारच करतो. तांब्याची कॉइल दुरुस्तीला सोपी, एवढं खरं. त्यापेक्षा जवळ दुरुस्ती केंद्र आहे का आणि सुटे भाग मिळतात का, हे विचारा. गॅसचं नावही वाचा: आर-४१०ए चा हवामानावरचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २०८८ पट धरला जातो, आर-३२ चा ६७५ पट. निवड असेल तर दुसरा.

'दरवर्षी गॅस भरावा लागतो' ही समजूत मात्र ग्राहकांनीच जपली आहे. गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरणारा मेकॅनिक पुढच्या वर्षीचं काम आजच ठरवून जात असतो.

स्प्लिटमध्ये ही गळती बहुधा बसवण्याच्या दिवशीच जन्माला येते. माझ्या घरी आलेल्या मिस्त्रीने तांब्याच्या पाइपाचं तोंड फुलवलं, नट आवळला आणि सरळ आउटडोअरचा व्हॉल्व्ह किंचित उघडून फुस्स करत हवा बाहेर काढायला लागला. पाइपातली हवा आणि ओलावा व्हॅक्यूम पंपाने खेचून काढायचा असतो. राहिलेला ओलावा आतलं तेल खराब करतो, आणि फुस्स करत गेला तो मी पैसे मोजलेला गॅस होता. मी विचारलं, "पंप नाही लावत?" तो म्हणाला, "साहेब, सगळीकडे असंच करतो, कुणी विचारत नाही." मी तिथेच उभा राहिलो. दोन मिनिटं आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो. मग तो काही न बोलता खाली गेला आणि गाडीतून पंप घेऊन वर आला.