रिसॉर्टवाले म्हणतात बुकिंग आहे, मग पैसे गेले कुठे?

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात हमखास फिरायला लागते. खोपोलीच्या इमॅजिकाची तिकिटं, जवळच्या रिसॉर्टवर एक रात्र, तिन्ही वेळचं जेवण, माजिवड्याहून किंवा वाशीहून एसी गाडी, आणि लहान मुलांना सगळं अर्ध्या पैशांत. खाली एक मोबाइल नंबर आणि ‘शेवटच्या 6 रूम शिल्लक’. यातल्या काही जाहिराती खऱ्या टूरवाल्यांच्या असतात. बाकीच्यांचा पार्कशी संबंध नसतो आणि रिसॉर्टशीही नसतो; फोटो आणि लोगो तेवढे उचललेले असतात. खोट्या संकेतस्थळांवरून आणि समाजमाध्यमांवरून होणाऱ्या सहलींच्या बुकिंगबद्दल केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल 2025 मध्ये देशभर सावध केलं होतं. तरीही माणसं फसतात, आणि चौकशी न करणारीच फसतात असं नाही. पुढच्या प्रकारात चौकशी झाली होती, फक्त एक प्रश्न विचारायचा राहिला होता.

घोडबंदर रोडवरची चार कुटुंबं. मोठी माणसं 8, मुलं 6, त्यातली तिघं पाच वर्षांच्या आतली. मोठ्यांना 5,200 आणि मुलांना 2,600 रुपये, एकूण 57,200. निम्मे, म्हणजे 28,600, ॲडव्हान्स. बाकीचे ‘तिकिटं लॉक करायला’ निघण्याच्या दोन दिवस आधी. एजंट अदबीने बोलणारा, कधीही फोन केला तरी उचलणारा. ॲडव्हान्स गेल्यावर तासाभरात रिसॉर्टचं व्हाउचर आलं. ग्रुपमधल्या एका वहिनींनी रिसॉर्टचा नंबर स्वतः शोधला आणि रिसेप्शनला विचारलं, या नावाने या तारखेला चार खोल्या आहेत का? तिकडून उत्तर आलं, हो, आहेत. त्या भरवशावर उरलेले 28,600 गेले. सहलीच्या सकाळी पार्कच्या गेटवर तिकिटं चालली नाहीत, आणि रिसॉर्टला फोन केला तर बुकिंग आदल्या दिवशीच रद्द झालेलं.

रिसेप्शनवरचा माणूस खोटं बोलला नव्हता. हॉटेल बुकिंगच्या बऱ्याच ॲपवर ‘पैसे हॉटेलवर द्या’ असा पर्याय असतो, आणि ठरावीक मुदतीपर्यंत, कुठे 24 तर कुठे 48 तास आधीपर्यंत, बुकिंग फुकटात रद्द करता येतं. ठग हाच पर्याय वापरतो. तुमच्या नावाने खोल्या धरतो आणि एक पैसाही भरत नाही. बुकिंग क्रमांक खरा, तारीख खरी, रिसॉर्टच्या यादीत तुमचं नावही खरंच असतं. तुमची उरलेली रक्कम हाती पडली की तो बुकिंग रद्द करतो. त्याचं स्वतःचं काहीच गेलेलं नसतं.

म्हणून ‘बुकिंग आहे का’ एवढं विचारून फोन ठेवायचा नाही. या बुकिंगपोटी आजपर्यंत तुमच्याकडे किती रुपये जमा झालेत, हे विचारायचं. मग बुकिंग कोणत्या ॲपवरून किंवा कोणाकडून आलंय, त्यात जेवण धरलंय का, मुलांसाठी जादा गादी आहे का, आणि फुकटात रद्द करायची मुदत कधी संपते. शेवटी, बुकिंगवर संपर्क म्हणून कोणाचा मोबाइल आणि कोणाचा ईमेल आहे? तिथे एजंटचा नंबर असेल तर रद्द झाल्याचा मेसेजही त्यालाच जाणार, तुम्हाला कळणारसुद्धा नाही. ‘जमा शून्य’ असं उत्तर आलं तर एजंटला पुढचा रुपया देऊ नका. रिसॉर्टला सांगा, खोल्यांचे पैसे आम्ही थेट भरतो, नवं बुकिंग आमच्या नंबरवर करा. ज्याने खरोखर व्यवस्था केलेली असते तो यावर बसून हिशेब करतो. ठगाचा आवाज इथे चढतो, किंवा ‘मग रेट बदलेल’ असं ऐकू येतं.

हा फोन कोणत्या नंबरवर करायचा, हेही तितकंच महत्त्वाचं. व्हाउचरवर छापलेल्या नंबरवर नक्की नाही. सर्चमध्ये सगळ्यात वर येणाऱ्या, ‘प्रायोजित’ लिहिलेल्या निकालावरून नाही. नकाशावरच्या नोंदीतले नंबरही बाहेरच्या माणसांना बदल सुचवून बदलता येतात, त्यामुळे एकट्या त्या नोंदीवर विसंबू नका. संकेतस्थळाचा पत्ता वाचताना सुरुवातीचं ‘https://’ सोडून पुढच्या पहिल्या तिरप्या रेषेपर्यंतचा भाग घ्या आणि तो उजवीकडून डावीकडे वाचा: डॉट इन, डॉट को डॉट इन किंवा डॉट कॉमच्या लगेच आधीचा शब्द हा खरा मालक. पार्कचं नाव त्याच्याही डावीकडे चिकटवलेलं असेल, किंवा पार्कच्या नावाला ‘ऑफर’, ‘बुकिंग’, ‘डील’ असं शेपूट लावलेलं असेल, तर ते पार्कचं संकेतस्थळ आहे असं धरून चालू नका. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचं हे नाव, कधी नोंदवलंय हे ‘हू-इज’ शोधात फुकट दिसतं. इमॅजिका 2013 पासून चालू आहे. तिच्या नावाचं ‘अधिकृत’ संकेतस्थळ तीन आठवड्यांपूर्वी जन्माला आलेलं असेल तर बाकी काही तपासायची गरज नाही. आणखी एक खूण: गोराईचं एस्सेलवर्ल्ड बंद पडून काही वर्षं झाली, त्याच्या शेजारचं वॉटर किंगडम ही वेगळी जागा. ‘एस्सेलवर्ल्ड कॉम्बो’ विकणारा माणूस जुनी जाहिरात नव्या नंबराने फिरवतोय.

आता तिकिटं. त्या चार कुटुंबांना आलेली पीडीएफ नीट पाहण्यासारखी आहे. चौदा पानं, प्रत्येक पानावर वेगळं नाव, रंग आणि लोगो हुबेहूब. पण क्यूआर कोडखाली बारीक अक्षरात छापलेला क्रमांक चौदाही पानांवर एकच होता. नावांचा टाइप बाकीच्या मजकुरापेक्षा किंचित जाड आणि अर्धी ओळ वर सरकलेला, म्हणजे खालचं मूळ नाव झाकून वर नवं चिकटवलेलं. मोबाइलवर पान छोटं दिसतं, म्हणून हे सुटतं. संगणकावर उघडून मोठं करा. काही पार्कं एका बुकिंगला एकच क्यूआर देतात, पण तिथे एकूण माणसांचा आकडा लिहिलेला असतो. माणशी वेगळं पान आणि सगळ्यांवर एकच कोड, हे जुळत नाही.

याहून अवघड प्रकार म्हणजे खरं तिकीट अनेकांना विकणं. ठग एकच खरं तिकीट घेतो आणि तीच पीडीएफ दहा घरी पाठवतो. गेटवर जो पहिला पोचतो तो आत जातो, बाकीच्यांना ‘आधीच वापरलेलं’ असा लाल संदेश. हे तिकीट कितीही तपासा, खरंच निघणार, कारण ते खरंच आहे. चोरलेल्या कार्डावर घेतलेल्या तिकिटांचंही तसंच: मूळ कार्डमालकाने बँकेत तक्रार केली की तिकीट मधल्या मध्ये रद्द होतं. यावर उपाय एकच, तिकिटं पार्कच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा तिकीट खिडकीवरून घ्यायची. पॅकेज घेतलंत तरी तिकिटं त्यातून वगळून घ्या आणि तेवढे पैसे कमी करायला सांगा.

लहान मुलांच्या बाबतीत ठगाला ओळखायची एक चांगली जागा आहे. बहुतेक पार्कांत मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं. ठरावीक उंचीखाली फुकट, त्यावर काही इंचांपर्यंत अर्धं किंवा कमी, पुढे पूर्ण. राइडवर बसायला देतानाही उंचीच बघतात. ज्याने खरोखर तिकिटं काढलीत तो मुलांची उंची विचारतोच. ‘पाच वर्षांखालचा आहे ना, मग हाफ’ एवढ्यावर जो हिशेब मांडतो त्याने पार्कचा दरफलक वाचलेला नाही. भिंतीला उभं करून, चपला काढून, मुलांची उंची घरीच मोजा आणि पार्कच्या संकेतस्थळावरच्या अटींशी ताडून पाहा. कमी उंचीचं मूल फुकट जात असताना त्याचे 2,600 घेतले जातायत, एवढं तरी तिथल्या तिथे कळेल. वॉटर पार्क असेल तर नायलॉनचा पोशाख, लॉकर आणि त्यांची अनामत रक्कम ‘सगळं धरून’मध्ये आहे का, तेही लेखी घ्या. खऱ्या टूरवाल्यांशीही भांडणं होतात ती याच बारीकसारीक खर्चांवरून.

पैसे कोणाच्या खात्यात जातायत, हे बघायला यूपीआय ॲप तुम्हाला एक संधी देतं: पिन टाकण्याआधी समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. जाहिरातीत ‘अमुक हॉलिडेज’ आणि ॲपमध्ये भलत्याच माणसाचं नाव, तर तिथेच थांबा. ‘कंपनीच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, अकाउंटंटच्या नंबरवर टाका’ हे ठरलेलं उत्तर असतं. व्हाउचरवरचा जीएसटी क्रमांकही तपासा. तो 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुढची दहा अक्षरं मालकाचा पॅन. सुरुवातीपासून सहावं अक्षर पी असेल तर मालक एकटी व्यक्ती, एफ असेल तर भागीदारी, सी असेल तर कंपनी. स्वतःला प्रायव्हेट लिमिटेड म्हणवणाऱ्याच्या क्रमांकात या सहाव्या जागी पी सापडला तर तो क्रमांक कंपनीचा नाही. जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉगिन न करता क्रमांक टाकून नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे मिनिटात दिसतं. जिथे जमेल तिथे कार्डाने पैसे भरा. सेवा मिळालीच नाही तर कार्डाच्या व्यवहारावर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो. यूपीआयवर स्वतः पिन टाकून पाठवलेल्या पैशांना इतकी सरळ वाट नाही.

‘रिसॉर्टला आयडी लागतो’ म्हणून एजंट सगळ्या कुटुंबाचं, मुलांचंसुद्धा, आधार मागतो. ते व्हॉट्सॲपवर पाठवू नका. चेक-इनच्या वेळी मोठ्यांचं ओळखपत्र काउंटरवर दाखवलं की काम होतं. फारच अडलं तर आधारच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार काढा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. गाडीच्या बाबतीत नंबर आधी मागून घ्या आणि एम-परिवहन ॲपवर विमा, फिटनेस आणि गाडीचा प्रकार पाहा. पिवळी पाटी म्हणजे भाड्याने चालवायची परवानगी. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून पैसे घेऊन माणसं नेणं बेकायदा, आणि वाटेत अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. सोबत लहान मुलं असताना हा धोका घ्यायचा नाही.

मॉलमध्ये कूपन भरून घेऊन ‘तुम्हाला 3 रात्री आणि पार्कचे पास लागलेत, नवरा-बायको दोघं हॉटेलवर या’ असं सांगणारे वेगळे. तिथे दीड-दोन तास बसवून लाखाच्या घरातली मेंबरशिप गळ्यात मारतात. त्यावर एकच: त्या खोलीत कार्ड स्वाइप करू नका, करार घरी नेऊन वाचा. नेऊ देत नसतील तर उठा.

फसवणूक झालीच तर पहिला फोन 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, एजंटला नाही. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने पुढे सरकवले जातात, आणि ते जिथे असतील तिथे गोठवायची व्यवस्था या हेल्पलाइनकडे आहे. हाताशी ठेवा: व्यवहाराचा 12 अंकी यूटीआर क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम, समोरचा यूपीआय आयडी. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर पूर्ण तक्रार करा आणि पोचक्रमांक जपा. रक्कम गोठली म्हणजे परत आली असं नव्हे, ती सोडवायची प्रक्रिया पुढे वेगळी चालते. बँकेला लगेच कळवा, पण बँक भरून देईल ही आशा धरू नका. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने भरपाईचा जो नियम आणला, तो तुमच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी. इथे पिन तुम्हीच टाकलेला असतो. चॅट पुसू नका, एक्स्पोर्ट करून ठेवा. गेटवर तिकीट नाकारलं तर स्कॅनरवरचा संदेश मोबाइलमध्ये टिपून घ्या, रिसॉर्टकडून बुकिंग रद्द झाल्याची वेळ ईमेलवर मागा.

काही दिवसांनी ‘रिफंड’चा फोन येतो. क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, किंवा एक ॲप टाका म्हणजे आम्ही स्क्रीन बघून मदत करतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही. सायबर सेलमधून बोलतोय, फी भरा, पैसे सोडवून देतो, असं सांगणाराही त्याच टोळीतला असू शकतो.

पोलिसांनी ‘ही आमची हद्द नाही’ असं सांगितलं तर झिरो एफआयआरचा, म्हणजे हद्द न बघता गुन्हा नोंदवायचा, आग्रह धरा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर द्यायचा तुम्हाला अधिकार आहे. समोर खरी, पत्ता असलेली टूर कंपनी असेल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि सेवेसाठी भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेलकरांनी लक्षात घ्या: पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं असलं तरी तुमचा जिल्हा रायगड, त्यामुळे ग्राहक आयोगही रायगडचा. आणि चार घरांचे पैसे त्यातल्या एखादीने गोळा करून पुढे पाठवले असतील, तर 1930 वर तक्रार तिनेच करायची, कारण ठगाकडे पैसे तिच्या खात्यातून गेलेत. बाकीच्या घरांनी तिला पाठवलेल्या रकमांचे स्क्रीनशॉट त्याच तक्रारीला जोडायचे.