दहा मीटरची कॅट सिक्स केबल: पेनड्राइव्हची ये-जा थांबली

घरून डीटीपी, म्हणजे संगणकावर पुस्तकांची पानं लावायचं काम, करणाऱ्या पुष्कळ जणांकडे एक जुनं आणि एक नवं अशी दोन मशीन असतात, तशी माझ्याकडेही आहेत. आतल्या खोलीत विंडोज ७ चं जुनं मशीन. त्यात पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर पेजमेकर, जुने मराठी फॉन्ट आणि मागे खोचलेलं फॉन्टचं डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली. बाहेरच्या खोलीत विंडोज ११. जुनं मोडीत काढा, असा सल्ला घरात अधूनमधून मिळतो. पण पंधरा वर्षांपूर्वी लावलेल्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली की प्रकाशक दुरुस्त्या घेऊन दारात उभा, आणि ती फाइल त्या फॉन्टांशिवाय उघडली तर पानभर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. तेव्हा जुनं राहणार. फक्त त्याला इंटरनेट द्यायचं नाही, कारण विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबली.

मग फाइली न्यायच्या कशा? पेनड्राइव्ह प्रेसमध्ये जाऊन आला की शॉर्टकट व्हायरस घेऊन येतो, हे या धंद्यातल्या कुणालाही सांगायला नको. त्यावर तोडगा म्हणून दोन्ही मशीन थेट जोडायला ही कॅट सिक्स, म्हणजे नेटवर्कची केबल घेतली.

"काकू, घरात वायफाय आहे की. केबल कशाला?" दुकानातल्या मुलानं विचारलं. म्हटलं, म्हणूनच. घरच्या वायफायवर चढलं की जुनं मशीन आपोआप इंटरनेटवरही जातं. केबलचं एक टोक जुन्याच्या लॅन पोर्टात (नेटवर्क केबल लावायच्या खाचेत), दुसरं नव्याच्या. मध्ये राउटर नाही, काही नाही. पूर्वी अशा जोडणीला क्रॉसओव्हर, म्हणजे आतल्या तारा उलटसुलट जोडलेली केबल लागायची. गिगाबिट (हजार एमबीपीएसचे) पोर्ट आतल्या आत तारांची अदलाबदल करून घेतात, त्यामुळे साधी केबल चालते.

वेगाबद्दल मी अगदी खूश आहे. गिगाबिट जोडणीत सेकंदाला ११० एमबीच्या आसपास माल जातो. म्हणजे वीस जीबीचे स्कॅन तीन-चार मिनिटांत. जुनी हार्ड डिस्क दमली तर थोडं जास्त. तेच शंभर एमबीपीएसच्या, म्हणजे दहापट हळू पोर्टमधून पाठवलं तर अर्धा तास. इंटरनेट कंपन्या देतात त्या बऱ्याच स्वस्त राउटरना असलेच पोर्ट असतात. इंटरनेटचा प्लॅन कितीचा आहे याचा इथे काडीचा संबंध नाही.

केबल घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. वरच्या आवरणावर सीसीए छापलं असेल तर आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. ती स्वस्त पडते, पण मी घेणार नाही. आमच्या दुकानात रोलमधून कापून, टोकांना क्रिम्पिंग करून (प्लग दाबून बसवून) देतात. टेस्टरवर आठही दिवे लागलेले समोर बघून घ्या. गिगाबिटला आठही तारा लागतात. एखादी जरी सैल असली तरी जोडणी शंभरवर घसरू शकते, आणि फाइली जात राहतात म्हणून ते लक्षातही येत नाही. चारशे रुपयांच्या आत काम झालं.

रेटिंगमधला अर्धा स्टार कापते तो विंडोजच्या सेटिंगसाठी. त्यात केबलचा दोष नाही, पण भोगावं घेणाऱ्यालाच लागतं. दोन्ही मशीनला हाताने आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते द्यायचे: नव्याला १९२.१६८.५०.१, जुन्याला १९२.१६८.५०.२, सबनेट मास्कच्या रकान्यात दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०. गेटवेचा (इंटरनेटकडे जायच्या वाटेचा) रकाना कोरा सोडायचा, म्हणजे नव्या मशीनचं इंटरनेट वायफायवरूनच चालू राहतं. विंडोज ११ अशी थेट जोडणी पब्लिक, म्हणजे परकी धरतं. ती प्रायव्हेट करा, नाहीतर फायरवॉल आडवी येते. मी शेअर केलेलं फोल्डर नव्यावर आहे आणि जुनं त्यात डोकावतं, उलट नाही. शेअरिंगसाठी नव्यावर पासवर्डवालं वेगळं लोकल खातं काढलं, कारण लॉगिनचा चार आकडी पिन नेटवर्कवर चालत नाही. जुन्यावर तेच फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून मॅप केलं, म्हणजे ड्राइव्हसारखं दिसेल असं जोडलं, की रोजचा प्रश्न मिटला. होमग्रुप (घरातल्या मशीनांत फाइली वाटायची विंडोजची जुनी सोय) करा असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. विंडोज १० मधून ती सोय २०१८ मध्येच गेली.

पेजमेकरची फाइल झेडवरून थेट उघडून काम करू नये, एवढं माझं पथ्य. आधी जुन्याच्या डिस्कवर ओढून घ्यायची, काम झालं की पीडीएफसकट परत टाकायची. सेव्ह होत असताना कुणाचा पाय केबलीत अडकला तर निस्तरणार कोण?

नवा लॅपटॉप असेल तर लॅन पोर्ट आहे का ते आधी बघा. नसेल तर यूएसबी ३ चा गिगाबिट अडॅप्टर वेगळा घ्यावा लागेल. दोन्ही मशीन नवी आणि दिवसाला चार वर्डच्या फाइली पाठवायच्या, असं असेल तर या भानगडीत पडूच नका. एकाच वायफायवर लोकलसेंड नावाचं ॲप फुकटात ते काम करतं. आणि लांबी मोजताना सरळ रेघेत मोजू नका, दाराच्या चौकटीवरून फिरवून मोजा.