टांगता गॅस ब्रूडर: एक हिवाळा, एक पावसाळा काढल्यावर

सेटअप असा: पत्र्याची शेड, दोन्ही बाजूंना जाळी आणि पडदे, ३,००० ब्रॉयलर पिल्लं, ५ किलोवॅटचे सिरॅमिक प्लेटचे चार ब्रूडर, म्हणजे पिल्लांना वरून ऊब देणाऱ्या गॅसच्या शेगड्या. त्याआधी कोळशाच्या शेगड्या. ऊब कशी मिळते, एवढंच विचाराल तर तक्रारीला जागा नाही. प्लेट लालबुंद झाली की उष्णता सरळ तुसावर आणि पिल्लांवर पडते, पत्र्याखालची हवा तापवत बसावं लागत नाही. तुसापासून ५ सेंटीमीटरवर, म्हणजे पिल्लाच्या पाठीला, पहिल्या दिवशी लागणारे ३२ ते ३४ अंश आरामात मिळतात. विकणारे एका ब्रूडरला हजार पिल्लं सांगतात. निफाडच्या थंडीत साडेसातशेच धरा.

घोळ होतो तो बसवण्यात. ब्रूडर पत्र्याच्या स्क्रूला किंवा वायरिंगच्या पाइपला लटकवू नका, छत पेलणाऱ्या लोखंडी कैचीलाच घ्या, आणि तेही जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) चेनने. नायलॉनची दोरी वरच्या गरम हवेने मऊ पडते. मुख्य चेनशिवाय दुसरी, किंचित सैल चेन वेगळ्या जागी अडकवा. एस हूक सुटला तर ब्रूडर तिच्यावर थांबेल. खाली कोरडं भाताचं तूस असतं, आग लागायला आणखी काही लागत नाही. उंची आणि तिरपेपणा पाटीवर किंवा पुस्तिकेत दिलेला असतो, तो पाळा. ऊब कमी वाटली म्हणून किमान उंचीच्या खाली ब्रूडर ओढणं हा शुद्ध वेडेपणा आहे, त्यापेक्षा एक ब्रूडर वाढवा. पडदे, पोती, पुठ्ठ्याचा चिक गार्ड (पिल्लांभोवतीचं गोल कुंपण) यांचंही अंतर तेवढंच काटेकोर ठेवा.

गॅसची रबरी नळी ब्रूडरच्या छत्रीच्या वरून कधीच नेऊ नका. जळालेली गरम हवा तिथूनच वर जाते आणि एखाद्या बॅचमध्येच नळीला भेगा पडतात. शिवाय दर आठवड्याला तापमान दोन-तीन अंशांनी उतरवायचं म्हणून ब्रूडर वर घेतला जातो. सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या, दोन्ही जागी ब्रूडर नेऊन नळी ताणली जात नाही ना, हे बसवतानाच बघा. शेडभर जीआय पाइप, प्रत्येक ब्रूडरला स्वतंत्र बॉल व्हॉल्व्ह आणि तिथून पुढेच आयएसआय नळी, ही रचना बरी.

रेग्युलेटर घेताना ब्रूडरच्या पाटीवरचे मिलीबार, म्हणजे गॅसचा दाब, वाचा. हॉटेलच्या भट्टीचा हाय प्रेशर रेग्युलेटर लो प्रेशरच्या ब्रूडरला लावला की ज्योत प्लेटवरून उचलली जाते. गळती साबणाच्या पाण्यानेच तपासा, वासावर विसंबू नका. अमोनियाने नाक आधीच बधिर झालेलं असतं आणि एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. सिलिंडर शेडबाहेर, उभे, सावलीत ठेवा, खड्ड्याजवळ किंवा गटाराजवळ नकोत. घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर धंद्याला वापरणं २००० सालच्या एलपीजी आदेशानुसार बेकायदा आहे. १९ किलोची घ्या. परवान्याशिवाय एलपीजीचा साठा १०० किलोपर्यंतच चालतो, म्हणजे अशी पाचच. पाचही एकदम रिकामी होऊ देऊ नका.

आता खर्चाचं. ५ किलोवॅटचा ब्रूडर पूर्ण ज्योतीवर ताशी सुमारे ४०० ग्रॅम गॅस खातो. चार ब्रूडर २४ तास तसेच चालले तर रोज दोन सिलिंडर जातात. थर्मोस्टॅट असेल तर दुपारी बराच वाचतो. पहाटे मात्र एकाच सिलिंडरवर चारही ब्रूडर असले की सिलिंडरवर बर्फ धरतो, दाब पडतो आणि ज्योत मरते. आत गॅस शिल्लक असतो, पण थंडीत त्याची वाफ तेवढ्या वेगाने होत नाही. दोन-तीन सिलिंडर मॅनिफोल्डवर, म्हणजे एका सामायिक पाइपवर, जोडा. सिलिंडरवर उकळतं पाणी ओतणारे महाभाग आहेत, त्यांना गेटबाहेरच ठेवा.

हा गॅस वाचवायला शेड गच्च बंद केली जाते, आणि खरं नुकसान तिथे होतं. या ब्रूडरला धुराडं नसतं, जे जळतं ते सगळं शेडमध्येच उतरतं. एक किलो एलपीजी जळताना साधारण दीड लिटरहून जास्त पाण्याची वाफ आणि तीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वरच्या हिशोबाने रोज जवळजवळ ६० लिटर पाणी हवेत जातं. कोळसा फार थोडी वाफ सोडतो, म्हणून शेगडीवाल्यांना हे आधी पटत नाही. पत्र्याला घाम सुटतो, तूस ओलं होतं, त्यातून अमोनिया उठतो. प्राणवायू कमी पडला की पुढे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पोटात पाणी होऊन पक्षी मरतात, आणि दोष पिल्लांच्या माथी मारला जातो. कार्बन डायऑक्साइड ३,००० पीपीएमच्या खाली हवा. पडदे वरून उघडणारे करून घ्या. वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूचा पडदा रात्रीसुद्धा वीतभर खाली ठेवा, थोडा गॅस जास्त गेला तरी चालेल. पावसाळ्यात ही गोष्ट हिवाळ्यापेक्षा जास्त जाणवली.

देखभाल थोडी, पण ठरलेली. दोन बॅचच्या मधल्या रिकाम्या दिवसांत ब्रूडरच्या हवेच्या नळीत कोळी जाळं करतो. मग हवा कमी जाते, ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड सुटतो. जेटमध्ये, म्हणजे गॅस सुटण्याच्या बारीक भोकात, पिन घालू नका, भोक मोठं होतं. कॉम्प्रेसरची हवा मारा. शेड फवारताना ब्रूडर आत ठेवू नका. पितळी फिटिंग अमोनियाने तडकतं, ते दर बॅचला साबण लावून बघावं.

थर्मोकपल, म्हणजे ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करायला लावणारा सेन्सर, हा यातला सर्वात स्वस्त आणि सर्वात महत्त्वाचा भाग. पेटत्या ब्रूडरचा व्हॉल्व्ह बंद केला की साधारण मिनिटभरात टक् असा आवाज यायला हवा. नाही आला तर थर्मोकपल बदला. पेटवायचं बटण तारेने दाबून बांधलेलं दिसलं तर तो ब्रूडर त्याच क्षणी बंद करा. घेण्याआधी थर्मोकपल, जेट आणि सिरॅमिक प्लेट तालुक्याच्या दुकानात सुट्या मिळतात का, हे विचारून घ्या. थंडीत पिल्लं उतरलेली असताना कुरिअरची वाट बघता येत नाही.