ग्रेनेडात जानेवारी ते मे: राहून आल्यानंतरचा अनुभव

ग्रेनेडा हा कॅरिबियन समुद्रातला छोटा बेटांचा देश. तिथे येणारे बहुतेक पाहुणे आठवडाभर ग्रँड आन्स किनाऱ्याच्या पांढऱ्या वाळूत पडून राहतात आणि परत जातात. आमची मुलगी तिथल्या सेंट जॉर्जेस विद्यापीठात डॉक्टरकी शिकते, त्यामुळे आम्हा दोघांना जानेवारी ते मे असा अख्खा कोरडा मोसम तिथे राहायला मिळाला. परत येऊन काही महिने झाले, आणि आता माझं मत पक्कं आहे. किनारा देखणा आहेच, पण या बेटाचा जीव त्याच्या झाडांत आहे, आणि तो बघायला बसने उत्तरेकडे जावं लागतं.

आधी कामाचं. भारतीय पासपोर्टवर ग्रेनेडासाठी आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. अडचण वाटेतली आहे. थेट विमान नाही, लंडन किंवा अमेरिकेतून जावं लागतं, आणि त्या देशांच्या व्हिसाच्या अटी सुटत नाहीत. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांना मात्र ही सहल अगदी सोपी. चलन पूर्व कॅरिबियन डॉलर, 1976 पासून एका अमेरिकी डॉलरला 2.70 असा बांधलेला. टॅक्सीवाला नुसतं ‘डॉलर’ म्हणाला तर कुठला, ते बसण्याआधीच विचारा. वीज आपल्यासारखीच 230 व्होल्टची, पण प्लग ब्रिटिश, चौकोनी पिनांचा. लष्करी रंगाचे ठिपकेदार कपडे नेऊ नका, तिथे ते घालायला कायद्याने बंदी आहे.

फिरायला मिनीबस. वळणावळणाच्या अरुंद रस्त्यावर त्या जोरात पळतात, गाणी मोठ्याने लागलेली असतात, उतरायचं असलं की टपावर टकटक करायची. चढताना सगळ्यांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं. हे न करणारा माणूस तिथे उर्मट ठरतो, आणि करणाऱ्याला पुढचा थांबा कुठला, बाजार कधी भरतो, सगळं आपण होऊन सांगतात. रविवारी बस जवळजवळ नसतातच.

पश्चिम किनाऱ्याने वर गेलं की गुयाव्ह लागतं. तिथलं जायफळाचं केंद्र मी पुन्हा पुन्हा पाहिलं. आमच्या रत्नागिरीकडे नारळी-पोफळीच्या बागेत जायफळाची चार झाडं असतात; इथे ते देशाच्या झेंड्यावर आहे. जुन्या लाकडी इमारतीत जायफळं आठवडेच्या आठवडे हवेवर वाळतात, मग फोडून पाण्यात टाकतात. भरीव असतं ते बुडतं आणि मसाल्याला जातं, हलकं तरंगतं ते तेलाला. प्रतवारी बायका हाताने करतात. जायपत्री वेगळी ठेवतात, तिचा लाल रंग हळूहळू पिवळसर होतो. टरफलंही वाया जात नाहीत, बागेतल्या वाटांवर पसरतात. त्यावरून चालताना येणारा वास मला फार आवडायचा.

7 सप्टेंबर 2004 ला इव्हान वादळ आलं आणि बेटावरची जायफळाची बहुतेक झाडं आडवी झाली. तोवर जगात इंडोनेशियाच्या खालोखाल ग्रेनेडाचं नाव होतं. रोपाला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, नर झाड निघालं तर तेही नाही. म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी पुन्हा लावण केली नाही, अनेकजण कोकोकडे वळले. तिथलं काळं चॉकलेट आज इतकं नावाजलं जातं त्यामागे हेही एक कारण आहे. बागायतदाराच्या घरात वाढलेल्या माणसाला हे ऐकताना आत काहीतरी तुटतं. कुणी पर्यटक ‘इथे बघण्यासारखं फार नाही’ म्हणाला की मला राग यायचा.

खाण्याबद्दल आपल्या लोकांना भीती असते, ती सोडा. राष्ट्रीय पदार्थ ‘ऑइल डाउन’ म्हणजे नीरफणस, कच्ची केळी, कणकेचे गोळे, अळूसारखी पानं आणि हळद घातलेलं नारळाचं दूध, सगळं एका मोठ्या पातेल्यात दूध आटून तेल सुटेपर्यंत शिजवलेलं. त्यात खारवलेलं मांस किंवा मासा असतो, पण आधी सांगितलं तर घरगुती खाणावळीत शाकाहारीही करून देतात. रोटीही सगळीकडे मिळते, आत बटाटा-चण्याची करी. ती आली 1 मे 1857 ला ‘मेडस्टोन’ जहाजातून उतरलेल्या भारतीय मजुरांबरोबर. त्यांची भाषा गेली, रोटी राहिली.

महागाई मात्र खरी आहे. दूध, चीज, डाळी, तांदूळ, सगळं बाहेरून येतं आणि सुपरमार्केटचं बिल बघून पोटात गोळा येतो. शनिवारी सकाळी राजधानी सेंट जॉर्जेसच्या बाजारात भाजी-फळं घ्या, खर्च निम्म्यावर येतो. वीजही महाग; घर घेताना एसीचं बिल भाड्यात आहे का, ते लेखी घ्या. मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडे काही दिवस नळाला पाणी नव्हतं, तेव्हा टाकी असलेलंच घर बघा.

मोलिनियर उपसागरात 2006 पासून समुद्राच्या तळाशी पुतळे उभे आहेत, हात धरून गोलात उभी मुलं, अंगावर पोवळी वाढलेली. स्नॉर्केलिंगनेही, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगतानाही, दिसतात. फोर्ट जॉर्जवर पंतप्रधान मॉरिस बिशप यांना 19 ऑक्टोबर 1983 ला गोळ्या घातल्या गेल्या, आणि आठवडाभरात अमेरिकेचं सैन्य उतरलं, कारण देताना त्यांनी आमच्या मुलीच्याच विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचं नाव पुढे केलं. विमानतळाला आज बिशप यांचंच नाव आहे.

एप्रिलपासून लेव्हेराच्या किनाऱ्यावर लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात. वेळासची ऑलिव्ह रिडले पाहिलेल्यांनीही जावं. हे जनावर कित्येक पटींनी मोठं, तीन-चारशे किलोंचं. वाटाड्याशिवाय जाऊ नका, विजेरी लावू नका.

वेळ असेल तर बोटीने कॅरियाकूला, म्हणजे ग्रेनेडाच्याच उत्तरेकडच्या छोट्या बेटावर, जा. वाटेत किक-एम-जेनी हा समुद्राखालचा जिवंत ज्वालामुखी आहे, बोटी त्याला वळसा घालतात. समुद्र खवळलेला असतो, उलटीची गोळी आधीच घ्या. 1 जुलै 2024 च्या बेरिल वादळात कॅरियाकूवरची जवळजवळ सगळी घरं मोडली. अजून सगळं सावरलेलं नाही, म्हणूनच तिथे एका दिवसात जाऊन-येऊन करू नका. स्थानिकांच्या घरातली खोली घ्या, तिथेच जेवा, विंडवर्ड गावात हाताने बांधल्या जाणाऱ्या लाकडी बोटी बघा. आम्ही दिलेलं भाडं घरमालकिणीने आमच्यादेखतच छपराच्या पत्र्यांसाठी पुढे दिलं.